बुजणारा घोडा विश्वास कसा ठेवू लागतो?

साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा घोडा आणि साठ-पासष्ट किलो वजनाचा माणूस यांच्यात ओढाताण झाली, तर कोण जिंकेल हे सांगायला भौतिकशास्त्राची गरज नाही. तरीही नीट शिकवलेल्या घोड्याला बारा-तेरा वर्षांची मुलगी एका दोरीने हवे तिकडे नेते, थांबवते, मागे सरकवते. घोड्याने मनात आणले तर ती दोरी क्षणभरही तिच्या हातात राहणार नाही. म्हणजे घोडा बळाने आवरलेला नसतो. मग तो ऐकतो का? कोणी म्हणतात प्रेमामुळे, कोणी म्हणतात धाकामुळे. घोडा शिकवणाऱ्यांचा अनुभव आणि अलीकडच्या वर्तनशास्त्रीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र ठेवले, तर या दोहोंपेक्षा वेगळे उत्तर मिळते. प्राणी शिकतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न त्या उत्तराच्या मुळाशी असल्यामुळे शिक्षकांना ते विशेष जवळचे वाटावे.

पळून वाचणाऱ्याचे शरीर

घोडा हा मोकळ्या माळावर गवत खाऊन राहणारा आणि शिकाऱ्यापासून पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. लाथा आणि चावा ही शस्त्रे त्याच्याकडे आहेत, पण ती मुख्यतः पळायला वाट उरली नाही म्हणजे वापरायची. शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते आणि त्याच दिवशी आईच्या बरोबरीने धावू लागते.

डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ 350 अंशांचा परिसर एका वेळी दिसतो. कपाळाच्या अगदी समोरची थोडी जागा आणि शेपटीमागची एक पट्टी तेवढी दिसत नाही. लाल आणि हिरवा यांतील फरक त्याला नीट कळत नाही, पण कडेला झालेली बारीक हालचाल तो चटकन टिपतो. दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण 28 ते 44 वेळा धडधडते. दचकला की काही सेकंदांत हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो.

वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी फडफडली की घोडा आधी उडी मारून बाजूला होतो आणि मग वळून पाहतो. यालाच आपण बुजणे म्हणतो. हा मूर्खपणा नव्हे. उगाच पळालेल्या घोड्याचे चार घास गवत बुडते, पण पळायला हवे तेव्हा न पळालेल्या घोड्याचा जीव जातो. या हिशेबात शंकेखोर घोडेच मागे उरले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज व्होल्गा आणि दोन या नद्यांच्या आसपासच्या गवताळ प्रदेशातले असून त्यांचा प्रसार सुमारे 4200 वर्षांपूर्वी सुरू झाला. त्या वेळी माणसाने केलेल्या निवडीचा ठसा वर्तनाशी निगडित वाटणाऱ्या एका जनुकावरही दिसतो. म्हणजे घोडा माणसाळला खरा. पण लाखो वर्षे जमलेली बुजण्याची सवय चार हजार वर्षांत पुसली गेली नाही. घोड्याच्या मनात पहिला प्रश्न असतो तो ‘पळू की थांबू?’ हाच.

विंडसरमधले दोन पाहुणे

घोडा शिकवणाऱ्याला मराठीत ‘चाबुकस्वार’ असा शब्द आहे. त्याचे मुख्य साधन कोणते ते नावातच आले. इंग्रजीतही नवा घोडा शिकवण्याला ‘मोडणे’ या अर्थाचेच क्रियापद रूढ आहे. घोड्याचा विरोध मोडून काढायचा, मग तो चालू लागतो, अशी ही कल्पना.

तिला छेद देणारी माणसे अधूनमधून होऊन गेली. 1858 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून जॉन रेरी नावाचे अश्वशिक्षक इंग्लंडला आले. विंडसरच्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीसमोर त्यांनी आपली करामत दाखवली. ‘क्रूझर’ नावाच्या, माणसावर धावून जाण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या घोड्यालाही त्यांनी वठणीवर आणले. चाबूक न वापरता हे घडल्याने लोक थक्क झाले. त्यांची युक्ती अशी : घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून पट्ट्याने बांधायचा. तीन पायांवरचा घोडा पळू शकत नाही. तो धडपडतो, दमतो, शेवटी आडवा होतो. मग त्याच्या सर्वांगावरून हात फिरवायचा. उठतो तेव्हा तो शांत झालेला असतो.

131 वर्षांनी, 1989 साली, त्याच विंडसरमध्ये मॉन्टी रॉबर्ट्स हे कॅलिफोर्नियाचे अश्वशिक्षक दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या निमंत्रणावरून आले. त्यांनी पट्टा बांधला नाही. गोल रिंगणात मोकळ्या सोडलेल्या नवख्या घोड्याला त्यांनी आपल्यामागून चालायला लावले. रॉबर्ट्स यांच्याप्रमाणेच अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या गुरांच्या रानांत काम केलेले टॉम डोरन्स (1910–2003) आणि रे हंट (1929–2009) यांनी घोड्याच्या कलाने शिकवण्याचा आग्रह धरला होता. या विचारधारेला पुढे ‘नॅचरल हॉर्समनशिप’ म्हणजे ‘नैसर्गिक अश्वशिक्षण’ हे नाव मिळाले. पॅट पॅरेली यांनी 1980 नंतरच्या दशकात ते सर्वदूर नेले.

रेरी आणि रॉबर्ट्स, दोघांनीही चाबूक न उगारता थोड्या वेळात घोडा शांत केला. पण दोन्ही घोडे एकच गोष्ट शिकले का?

रिंगणात काय घडते

सुमारे 15 ते 18 मीटर व्यासाच्या, कुंपण घातलेल्या गोल रिंगणात घोडा मोकळा सोडतात. गोल यासाठी की त्याला कोपऱ्यात अडकता येऊ नये. शिक्षक मध्यभागी उभा राहतो. खांदे घोड्याकडे सरळ रोखून, नजर त्याच्या डोळ्यांवर ठेवून आणि हलकी दोरी त्याच्या मागच्या बाजूला भिरकावून तो घोड्याला पळवतो. दोरी लागत नाही, पण पळायला भाग पाडते. काही फेऱ्यांनंतर घोड्याचा आतल्या बाजूचा कान शिक्षकावर स्थिरावतो. फेरीचा घेर लहान होतो. घोडा जीभ फिरवतो, काही चघळल्यासारखे करतो, मान खाली आणतो. अशा वेळी शिक्षक नजर खाली करतो, खांदा तिरका वळवतो आणि पाठमोरा होतो. पुष्कळदा घोडा थांबतो, वळतो आणि हळूहळू त्याच्याजवळ येतो. शिक्षक चालू लागला की मागोमाग निघतो.

पाहणाऱ्याला हे जादूसारखे वाटते. रॉबर्ट्स यांचे स्पष्टीकरण असे की ही कळपाची भाषा आहे. कळपातली अनुभवी घोडी दांडगाई करणाऱ्या पोराला बाहेर हाकलते आणि त्याने नमते घेतले की परत घेते. माणूस तीच भूमिका करतो आणि घोडा त्याला पुढारी मानून त्याच्या कळपात सामील होतो.

कळपाची भाषा की आणखी काही?

हे स्पष्टीकरण तपासायचे कसे? सिडनी विद्यापीठातील कॅथ हेनशॉल, पॉल मॅकग्रीव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली एक मजेदार प्रयोग मांडला. रिंगणात माणसाऐवजी त्यांनी दूरनियंत्रकावर चालणारी खेळण्यातली मोटार ठेवली. मोटार घोड्याच्या मागे लागायची. घोड्याने तिच्याकडे लक्ष दिले, तिच्याकडे वळला, की ती थांबायची. थोड्याच वेळात घोडे मोटारीकडे वळू लागले, तिच्याजवळ जायला तयार झाले. मोटारीला डोळे नाहीत, खांदे नाहीत आणि ती कळपातली घोडीही नव्हे. रिंगणातल्या माणसाशी तिचे साम्य एकच होते : नको असलेला पाठलाग ठरावीक क्षणी थांबत होता.

जर्मनीतील कॉन्स्टान्झे क्रूगर यांनी 2007 साली दुसऱ्या बाजूने तपासणी केली. रिंगणात माणसामागे चालायला शिकलेले घोडे मोकळ्या कुरणात नेले, तर तिथे ते तसे मागे येईनात. पुढारी म्हणून माणूस स्वीकारला असता तर जागा बदलल्याने पुढारी बदलायला नको होता. जीभ फिरवण्याचे व चघळण्याचेही तसेच. ही शरणागतीची खूण मानली जाई, पण ताण ओसरून शरीर सैलावू लागते त्या टप्प्यावर ती दिसते असे निरीक्षण आहे.

यावरून रिंगणातले शिक्षण खोटे ठरत नाही. घोडा खरोखरच शिकतो, फक्त त्याचे कारण सांगितले जाते त्याहून वेगळे आहे.

धन, ऋण आणि शिक्षा

अध्यापनशास्त्राच्या अभ्यासात आपण ‘साधक अभिसंधान’ शिकलेलो असतो. कृतीचा परिणाम सुखावह असेल तर ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हे थॉर्नडाइक यांनी सांगितले आणि स्किनर यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. त्यातल्या दोन शब्दांची मात्र हमखास गल्लत होते. ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा, असे उत्तर परीक्षेत अनेकदा येते. ते चूक आहे.

गणितातली चिन्हे आठवावीत. धन म्हणजे काही मिळवणे, ऋण म्हणजे काही वजा करणे. प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणे, शिक्षा म्हणजे वर्तन घटवणे. घोडा जवळ आला आणि गाजर मिळाले, हे धन प्रबलन. घोडा मागे सरला आणि छातीवरचा बोटाचा दाब निघाला, हे ऋण प्रबलन. घोडा चावला आणि फटका बसला, ही शिक्षा.

घोड्यांचे बहुतेक शिक्षण, जुने असो वा ‘नैसर्गिक’, ऋण प्रबलनावर चालते. लगाम, टाच, दोरी, रोखलेली नजर हे सारे कमीअधिक दाबाचे प्रकार आहेत. घोडा दाबातून शिकत नाही, तो दाब सुटण्याच्या क्षणातून शिकतो. दाबाचे काम फक्त त्याला उत्तर शोधायला लावण्याचे. कोणते उत्तर बरोबर, हे त्याला सुटकाच सांगते.

घोड्याला मागे सरायला शिकवताना हे स्वच्छ दिसते. छातीवर एक बोट अगदी हलके टेकवायचे. काही झाले नाही तर दाब थोडा वाढवायचा, आणखी थोडा वाढवायचा. घोड्याने पाऊल उचलले पाहिजे असेही नाही. वजन नुसते मागच्या पायांवर झुकले की त्याच क्षणी बोट काढून घ्यायचे. दहा-बारा वेळा हे झाले की नुसत्या टेकवण्याने घोडा सरतो आणि पुढे नुसते बोट दाखवल्यावर. दाबाचे रूपांतर खुणेत होते. बारा वर्षांच्या मुलीच्या हातातली दोरी अशा खुणांचे साधन असते.

आता हेच बोट दोन-तीन सेकंद उशिरा काढले तर? तेवढ्या वेळात घोड्याने डोके वर झटकलेले असते. त्याच्या दृष्टीने सुटका डोके झटकल्याने झाली, म्हणून पुढच्या खेपेला तो डोके झटकतो. मग माणूस चिडून दाब वाढवतो आणि घोडा ‘हट्टी’ ठरतो. लगाम सतत ताणून धरणाऱ्या स्वाराचा घोडाही असाच हळूहळू लगामाला दाद देईनासा होतो. काहीही केले तरी तोंडातला दाब जात नसेल, तर काही करण्यात अर्थ काय?

अर्थात सुटकेवरच थांबायचे कारण नाही. घोडे एकमेकांची मान खाजवतात. आयाळ जिथे संपते त्या जागी खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवरच्या अभ्यासातून 1993 साली दाखवले गेले. खरारा करताना घोडा ओठ लांबवून उभा राहतो तो यामुळेच. फ्रान्समधल्याच 2010 च्या एका अभ्यासात, शिकताना खाऊ मिळालेल्या तरुण घोड्यांना कित्येक महिन्यांनीही धडे आठवत होते, आणि माणसाविषयीची आपुलकीही टिकून होती.

भीती कशी जाते

मोरखी घालू न देणाऱ्या घोड्याचे उदाहरण घेऊ. शिक्षक मोरखी हातात घेऊन घोड्याच्या समोरून किंवा मागून नव्हे, तर खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत पुढे जातो. घोड्याची मान ताठ होऊ लागली, डोळा मोठा झाला, की तिथेच थांबतो. पुढे जात नाही, मागेही येत नाही. घोड्याने श्वास सोडला, मान जराशी खाली आणली, की तो वळून चार पावले दूर जातो. पुन्हा येतो तेव्हा एक पाऊल अधिक पुढे येता येते.

दूर कधी जायचे, यात सारे आले. घोडा दचकल्यावर आपण मागे हटलो, तर दचकल्याने माणूस जातो हे त्याला शिकवले. तो शांत झाल्यावर हटलो, तर शांत राहिल्याने माणूस जातो हे शिकवले. नवशिक्या माणसाच्या हातून बहुधा पहिली गोष्ट घडते आणि घोडा दिवसेंदिवस अधिक बुजरा होतो. दहा-पंधरा मिनिटांचा असा पाठ, आणि घोडा शांत असताना त्याचा शेवट, हे तासभराच्या झटापटीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

शांत घोडा आणि खचलेला घोडा

याच्या उलट पद्धत म्हणजे घोड्याला बांधून ठेवायचे आणि ज्याची भीती वाटते त्याचा एकदम मारा करायचा. थोड्या वेळाने तो धडपड थांबवतो. रेरी यांच्या पट्ट्याने हेच होत असे. पण धडपड थांबली म्हणजे भीती गेली, असे म्हणता येईल का?

1967 साली मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मेयर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काहीही केले तरी टाळता न येणारे विजेचे झटके अनुभवलेले अनेक कुत्रे, पुढे सुटकेचा सोपा मार्ग असतानाही नुसते पडून राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ असे नाव मिळाले. पुढे मेंदूविषयीचे नवे ज्ञान हाती आल्यावर 2016 साली याच दोघांनी आपले मत बदलले. त्यांच्या नव्या मांडणीप्रमाणे दीर्घ त्रासाला गप्प पडून राहणे ही शरीराची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते दुसरेच : आपल्या कृतीने परिस्थिती बदलू शकते, हे.

‘विश्वास’ या मऊ शब्दाचा कठीण गाभा इथे सापडतो. घोडा माणसावर विश्वास ठेवतो म्हणजे दोन गोष्टी त्याच्या अनुभवाला आलेल्या असतात. या माणसाचे वागणे आधी ओळखता येते, आणि आपण काही केले तर त्याला उत्तर मिळते. या दोन्ही गोष्टी नसताना मिळालेली शांतता वेगळी.

बाहेरून दोन्ही शांतता सारख्या भासतात, पण बारकाईने पाहिले तर फरक दिसतो. स्वस्थ घोड्याचे कान आवाजागणिक वळतात, ओठ सैल असतात, मागचा एक पाय विसावलेला असतो, नव्या वस्तूकडे तो नाक नेतो. फ्रान्समधील कारोल फ्युरे यांच्या गटाने 2012 साली घोडेस्वारी शाळांमधल्या काही घोड्यांचे वर्णन केले. मान पाठीच्या पातळीत आडवी, नजर एका जागी खिळलेली, कान स्थिर, आसपास काय चालले आहे याची दखलच नाही. असे घोडे वापरायला गैरसोयीचे वाटत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही. आपल्याकडे वरातीतली घोडी बँड आणि फटाक्यांच्या गदारोळात निमूट उभी राहते. ती पायरीपायरीने सरावलेली आहे की खचलेली, हे तिच्या कानांकडे पाहूनच ठरवावे लागेल.

‘नैसर्गिक’ म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीलाही ही कसोटी लावली पाहिजे. रिंगणात दमेपर्यंत पळवलेला घोडा थांबायला जागा नाही म्हणून जवळ आला असेल, तर चाबूक नव्हता एवढ्यावरून ते शिक्षण सौम्य ठरत नाही.

घोडा आपल्याला वाचतो

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकांचा ‘हान्स’ हा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरे देई. ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 साली त्याचे रहस्य उलगडले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स हमखास चुकत असे. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि ते पाहून हान्स थांबे. घोड्याला बेरीज येत नव्हती, माणूस मात्र वाचता येत होता.

स्वीडनमधील 2009 च्या एका प्रयोगात माणसांना घोडा धरून ठरावीक अंतर चार वेळा चालवायला सांगितले. चौथ्या खेपेला वाटेत छत्री उघडली जाईल असे त्यांना सांगून ठेवले. छत्री उघडली गेलीच नाही, तरी त्या खेपेला माणसाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात 2016 साली 28 घोड्यांना अनोळखी माणसाची छायाचित्रे दाखवली. रागावलेला चेहरा पाहताना त्यांचे ठोके अधिक वेगाने वाढले. तेव्हा ‘घोड्याजवळ घाबरू नका’ हा उपदेश पुरेसा नाही. घोड्यापाशी जाण्याआधी आपला श्वास संथ करावा आणि चाल सावकाश ठेवावी.

वर्गात करून पाहा

घोडा नसला तरी सुटकेच्या क्षणाचे महत्त्व वर्गात तपासता येते. खेळायला खुशीने तयार असलेल्या एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवा. त्याने करायची एक साधी कृती वर्गाने ठरवावी, उदाहरणार्थ, खिडकीशी जाऊन उजवा हात गजाला लावणे. तो आत आला की शिक्षकाने टेबलावर पट्टी एकसारखी आपटत राहावे. विद्यार्थी योग्य दिशेला वळला की आवाज त्याच क्षणी बंद करावा आणि दोन सेकंदांनी पुन्हा सुरू करावा. शेवटची कृती होईपर्यंत किती वेळ लागतो त्याची नोंद ठेवा.

दुसऱ्या विद्यार्थ्याला वेगळी कृती द्या, पण या वेळी आवाज प्रत्येक योग्य पावलानंतर तीन सेकंद उशिरा थांबवा. तिसऱ्याच्या वेळी पट्टी न आपटता प्रत्येक योग्य पावलाला एक टाळी द्या. चौथ्याला फक्त चुकल्यावर ‘चूक’ एवढेच सांगा. चौघांचा वेळ फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला काय वाटत होते ते विचारा. दुसरा विद्यार्थी बहुधा काहीतरी विचित्र, निरर्थक हालचाली करू लागेल. चौथा काही वेळाने जागचा हलणार नाही. त्याला हट्टी म्हणायचे की शांत, यावर वर्गात चर्चा होऊ द्या.

नंतर कधी माथेरानला सहल गेली, तर मुलांना घोड्यांपासून दोन हात दूर, बाजूला उभे करून एक तक्ता भरायला सांगा : कान कुठे वळले आहेत, मान कोणत्या पातळीत आहे, घोडेवाला जवळ आल्यावर घोडा त्याच्याकडे झुकतो की अंग आखडतो, ओढलेला लगाम किती वेळाने सैल होतो. एकाच तळावर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या घोड्यांचे तक्ते सारखे येणार नाहीत. त्यांतल्या फरकाची कारणे घोडेवाल्यांशी बोलून शोधता येतील.